निवडणारी दृष्टि : ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन

शाळेचें चित्रप्रदर्शन भरावयाचें असलें म्हणजे विद्यार्थ्यांपुढें एक मोठा पेंच उभा राहतो. वहींत चित्रें दहा असतात, पण भिंतीवर जागा एकाचीच असते. अशा वेळीं बहुतेक मुलें जें चित्र सर्वांत स्वच्छ, ज्यांत खाडाखोड नाहीं व ज्याचा रंग रेषेबाहेर गेलेला नाहीं, तेंच पुढें करतात. आणि जें काढतांना आपलें मन खरोखर रंगलें होतें, तें एखादा डाग पडला म्हणून वहींतच दडवून ठेवितात. छायाचित्रांच्या बाबतींत तर हा प्रश्न हल्लीं घरोघर येऊन ठेपला आहे. आईबापांच्या मोबाइलमध्यें एकेका सहलीचीं शेंकडों चित्रें सांठलेलीं असतात, आणि आलेल्या पाहुण्यांस त्यांतलीं कोणतीं दाखवावीं व कोणतीं पुसून टाकावीं, याचा निर्णय पदोपदीं करावा लागतो. छायाचित्र घेणें ही एक कला आहे. घेतलेल्या चित्रांतून लोकांपुढें ठेवण्याजोगें निवडणें ही दुसरी कला आहे, आणि आमच्या मतें तीच अधिक कठीण आहे.

ही दुसरी कला जिनें लोकांचा उपहास सोसून, केवळ स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून साधली, अशा एका बाईचें चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांस सादर करीत आहों.

ज्यूलिया मार्गारेट पॅटल यांचा जन्म ११ जून १८१५ रोजीं कलकत्ता शहरीं झाला. त्यांचे वडील जेम्स पॅटल हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत मोठ्या हुद्यावर होते व आई फ्रेंच घराण्यांतील होती. त्यांचें शिक्षण बहुतांशीं फ्रान्समध्यें झालें. पॅटल भगिनी आपल्या रूपाबद्दल प्रसिद्ध होत्या. ज्यूलियाबाई मात्र रूपानें साधारण, परंतु बुद्धीनें तल्लख व स्वभावानें अत्यंत उत्साही अशा होत्या. सौंदर्य आपल्या वांट्यास आलें नाहीं, याचें वैषम्य मानण्याऐवजीं तें दुसऱ्यांच्या चेहऱ्यांत शोधण्यांत त्यांनीं आपलें उत्तरायुष्य घालविलें.

१८३६ सालीं प्रकृति सुधारण्यासाठीं त्या आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास केप ऑफ गुड होप येथें राहिल्या होत्या. तेथें त्यांची दोन थोर पुरुषांशीं ओळख झाली. एक, दक्षिण गोलार्धांतील ताऱ्यांचें निरीक्षण करण्यास आलेले ज्योतिषशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल. आणि दुसरे, कायदेपंडित चार्ल्स हे कॅमेरॉन. हे कॅमेरॉनसाहेब त्यांच्याहून वीस वर्षांनीं वडील होते. मेकॉलेसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं हिंदुस्थानच्या फौजदारी कायद्याचा मसुदा ज्या मंडळानें तयार केला, त्या मंडळाचे ते एक सभासद होते. १८३८ सालीं कलकत्त्यास उभयतांचा विवाह झाला. हर्शेल यांच्याशीं जडलेला स्नेह तर आजन्म टिकला. छायाचित्रणाची विद्या नुकतीच जन्मास येत होती, तेव्हां हर्शेल यांनींच पत्रांतून तिची वार्ता व तिचे कांहीं नमुने कलकत्त्यास धाडले. कागदावर उमटलेलें चित्र उजेडानें काळें पडूं नये म्हणून ज्या रसायनानें तें कायम करतात, त्या रसायनाचा गुण ओळखणारेही हर्शेलच होते. परंतु त्या बीजास अंकुर फुटण्यास वीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

१८४८ सालीं पति सेवानिवृत्त झाल्यावर हें कुटुंब इंग्लंडांत गेलें, व १८६० सालीं वाइट नांवाच्या बेटावर फ्रेशवॉटर येथें त्यांनीं बिऱ्हाड केलें. कविवर्य टेनिसन हे तेथें त्यांचे शेजारी होते. सिलोनांत कॅमेरॉनसाहेबांचे कॉफीचे मळे होते. त्यांपैकीं एकावरून घराचें नांव ‘डिंबोला’ असें ठेविलें. मुलें मोठीं झालीं, पति मळ्यांच्या कामासाठीं वारंवार सिलोनास जाऊं लागले, आणि सदा गजबजलेल्या त्या घरांत एकान्त जाणवूं लागला. तो ओळखून १८६३ च्या डिसेंबरांत त्यांच्या कन्येनें व जांवयानें त्यांना एक कॅमेरा भेट दिला. त्या वेळीं बाईंचें वय ४८ वर्षांचें होतें. ज्या वयांत लोक नवें कांहीं शिकण्याची आशा सोडतात, त्या वयांत या बाईंनीं आपल्या खऱ्या कार्यास आरंभ केला !

त्या काळचें छायाचित्रण म्हणजे आजच्यासारखें बोटाच्या स्पर्शाचें काम नव्हतें, हें आमच्या बालवाचकांनीं ध्यानांत घ्यावें. साधारण अकरा इंच लांब व नऊ इंच रुंद अशा कांचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव सारखा पसरावयाचा, ती कांच अंधाऱ्या खोलींत सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यांत बुडवावयाची, आणि ती ओली आहे तोंवरच कॅमेऱ्यांत घालून चित्र घेऊन लगेच धुवावयाची. कांच वाळली कीं सारे श्रम फुकट जात. पुढें त्या कांचेवरून, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर सूर्यप्रकाशांत प्रत काढावयाची. आपल्या मुंबईसही ही विद्या तेव्हां येऊन पोहोंचली होती. तेथें १८५४ सालीं छायाचित्रणाची संस्था निघाली, व डॉक्टर नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ तींत भाग घेत असत.

कॅमेरॉनबाईंनीं घरांतील कोळशाची खोली अंधारखोली केली, आणि कोंबड्यांचें कांचेचें खुराडें मोकळें करून तेथें चित्रशाळा थाटली. पहिलें चित्र घेण्यासाठीं त्यांनीं गांवांतील एका शेतकऱ्यास तासाप्रमाणें पैसे देऊन बसविलें. चित्र उमटलें, परंतु आनंदाच्या भरांत ओल्या कांचेवरून त्यांचा हात फिरला आणि तें साफ पुसलें गेलें. दुसरी एखादी बाई येथेंच थांबली असती. यांनीं पुन्हां कांच उचलली. १८६४ च्या जानेवारींत अ‍ॅनी नांवाच्या एका लहान मुलीचें चित्र त्यांच्या मनासारखें उतरलें. त्याच दिवशीं त्यांनीं त्याची प्रत काढली, चौकटींत बसविली, व संध्याकाळपर्यंत ती मुलीच्या वडिलांस नेऊन दिली. हें आपलें पहिलें यश, अशी नोंद त्यांनीं त्या चित्रावर करून ठेविली आहे.

त्या चित्रांतील मुलीचे केंस पुसट आहेत आणि अंगरख्याची बटणें धूसर आहेत. त्या वेळच्या नियमांप्रमाणें तें सदोष चित्र ठरलें असतें. परंतु मुलीच्या मुद्रेवरील गंभीर, किंचित् विचारमग्न भाव त्यांत असा उतरला आहे, कीं पाहणारा क्षणभर थबकतो. येथें बाईंच्या पुढील सर्व वागणुकीची गुरुकिल्ली आम्हांस सांपडते. बटणासाठीं चित्र टाकावयाचें, कीं मुद्रेसाठीं ठेवावयाचें ? त्यांनीं तें ठेविलें आणि आनंदानें दुसऱ्यास दाखविलें.

पुढें त्यांनीं आपल्या आठवणींत प्रांजळपणें कबूल केलें आहे कीं, चित्रांतील तो धूसरपणा आरंभीं केवळ योगायोगानें आला. भिंग पुढेंमागें करीत असतां एखाद्या ठिकाणीं दृश्य डोळ्यांस सुंदर दिसलें, कीं त्या तेथेंच थांबत. इतरांप्रमाणें प्रत्येक रेषा टोंकदार होईपर्यंत भिंग फिरवीत बसत नसत. योगायोगानें आलेला गुण ओळखून तो बुद्धिपुरःसर राखणें, हें निवडीचेंच काम होय. चूक सर्वांच्याच हातून होते, पण कोणत्या चुकीनें आपल्यास कांहीं नवें दिलें, हें फार थोड्यांस कळतें.

१८६४ सालींच त्या लंडनच्या छायाचित्रण-मंडळाच्या सभासद झाल्या व आपलीं चित्रें प्रदर्शनांत मांडूं लागल्या. तेव्हां टीकेचें मोहोळ उठलें. चित्रें अस्पष्ट आहेत, कांचांवर ओरखडे व डाग आहेत, बाईंस कसब येत नाहीं, असा मंडळाच्या मुखपत्रानें १८६५ सालीं ठपका ठेविला. ही टीका सर्वस्वीं खोटी नव्हती, हें आम्ही मान्य करतों. बाईंच्या अनेक चित्रांवर कलोडियनचे ओघळ आहेत, धूळ आहे, क्वचित् बोटांचे ठसेही आहेत. फुटलेल्या कांचेवरूनही त्यांनीं कधीं कधीं प्रती काढल्या. प्रश्न एवढाच होता कीं, अशीं चित्रें लोकांस दाखवावीं कीं नाहीं. मंडळांतील तज्ज्ञ प्रथम दोष पाहत, आणि दोष दिसतांच चित्र बाजूस सारीत. कॅमेरॉनबाई प्रथम मुद्रा पाहत. ती साधली असेल तर दोष क्षम्य मानीत, आणि ती साधली नसेल तर निर्दोष कांचेचेंही त्यांस मोल नसे. १८६५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत त्यांस ब्राँझचें पदक मिळालें, व पुढच्याच वर्षीं सुवर्णपदक मिळालें. एकाच प्रकारच्या चित्रांस एका शहरांत उपहास व दुसऱ्या शहरांत सुवर्ण ! तेव्हां परक्यांच्या मतावर आपली निवड सोंपवून चालत नाहीं, हें उघड आहे.

परंतु यावरून बाई हट्टी होत्या व कोणाचेंच ऐकत नसत, असा समज कोणीं करून घेऊं नये. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स हे त्या काळचे नामांकित चित्रकार त्यांचे जिवलग स्नेही होते. बाई त्यांजकडे आपलीं चित्रें पाठवीत, आणि त्यांत केवळ उत्तम प्रती नव्हे तर डागाळलेल्या व फसलेल्या प्रतीही असत. कारण त्यांस वाहवा नको होती, सल्ला हवा होता. वॉट्स त्यांस मोकळेपणानें दोष दाखवीत. येथें आमच्या वाचकांनीं एक बारीक भेद लक्षांत घ्यावा. जगापुढें मांडावयाच्या चित्रांची निवड वेगळी, आणि गुरूपुढें ठेवावयाच्या चित्रांची वेगळी. गुरूपासून आपलें फसलेलें काम जो लपवितो, त्याचें काम कधीं सुधारत नाहीं. १८६९ सालीं बाईंनीं ‘स्वप्न’ नांवाचें एक चित्र घेतलें. त्यांच्या घरची परिचारिका मेरी हिलियर ही त्यांत बसली आहे, आणि खालच्या कोपऱ्यांत बोटांचे ठसे उमटले आहेत. तें पाहून ह्याच वॉट्स यांनीं त्याची परम स्तुति केली. दोष दाखविण्यास न कचरणाऱ्या माणसाच्या स्तुतीस किती वजन असतें, हें वेगळें सांगावयास नको.

निवडलेल्या चित्राविषयीं बाई अत्यंत दक्ष असत. कलाकृतींचे हक्क राखण्याचा कायदा इंग्लंडांत १८६२ सालीं झाला होता. त्याअन्वयें त्यांनीं १८६४ पासून १८७५ पर्यंत पांचशेंहून अधिक चित्रांची नोंद करून घेतली. चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवून खालीं तें प्रत्यक्ष माणसावरून घेतलेलें आहे, मोठें केलेलें नाहीं, असें त्या स्वहस्तें लिहीत, आणि थोर पुरुषाचें चित्र असल्यास त्याची सही घेत. १८६५ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्यूझियमचे संचालक हेन्री कोल यांनीं त्यांचीं बरींच चित्रें संग्रहासाठीं घेतलीं, आणि १८६८ सालीं तर माणसांचीं चित्रें घेण्यासाठीं म्यूझियममधील दोन खोल्या त्यांस वापरावयास दिल्या. या खटाटोपांत द्रव्याचाही हेतु होता. सिलोनांतील मळ्यांचें उत्पन्न घटत चाललें होतें व छायाचित्रणाचा खर्च मोठा होता. तेव्हां कोणतें चित्र विकावयास ठेवावें, हा त्यांच्यापुढें केवळ हौसेचा प्रश्न नव्हता. त्यावर घरचा कांहीं भार अवलंबून होता. तरीही लोकांस आवडणारीं लहानशीं, नेटकीं, टवटवीत चित्रें काढून देण्याचा सोपा मार्ग त्यांनीं पतकरला नाहीं. उलट, त्यांनीं आणखी मोठा कॅमेरा घेतला, व माणसाच्या मस्तकानें सारी कांच भरून जावी अशीं चित्रें घेण्यास आरंभ केला.

१८६७ सालीं हर्शेल यांच्या घरीं जाऊन घेतलेलें त्यांचें चित्र या निवडीचा उत्कृष्ट मासला होय. पंचाहत्तरीच्या घरांतील तो वृद्ध शास्त्रज्ञ, विस्कटलेले शुभ्र केंस, काळोखांतून पुढें आलेलें मुख आणि तारे पाहून थकलेले डोळे ! मागें पडदा नाहीं, टेबल नाहीं, खांब नाहीं. याच हर्शेल यांस त्यांनीं १८६४ सालीं आपल्या चित्रांचा एक संग्रह भेट दिला होता. तीन वर्षांनीं त्यांनीं तो परत मागवून घेतला, त्यांत नवीं व अधिक चांगलीं चित्रें घातलीं, आणि पुन्हां अर्पण केला. दिलेली भेट परत मागण्याचा संकोच त्यांस वाटला नाहीं. कारण तीन वर्षांत आपली दृष्टि पुढें गेली आहे, आणि जुन्या निवडीनें आपल्या मित्राची बोळवण करणें योग्य नाहीं, असेंच त्यांस वाटलें असावें. निवड एकदां करून संपत नाहीं, हा बोध या गोष्टींत आहे. हाच संग्रह पुढें परदेशीं जाण्याची वेळ आली, तेव्हां १९७५ सालीं लोकांनीं पैसे जमवून तो इंग्लंडांत राखला.

१८७४ सालीं टेनिसन यांनीं आर्थर राजाविषयींच्या आपल्या काव्यासाठीं चित्रें घेण्याची विनंति केली. बाईंनीं घरचीं माणसें, पाहुणे व वाटसरू यांस राजे, राण्या व योद्धे यांचे वेष चढविले. म्हातारे कॅमेरॉनसाहेब मर्लिन नांवाच्या मायावी पुरुषाच्या वेषांत बसले, तेव्हां त्यांस हसूं आवरेना व कांचेमागून कांच वायां गेली, असें सांगतात. बाईंच्याच हिशेबाप्रमाणें बारा चित्रें साधण्यासाठीं त्यांनीं २४५ कांचा खर्ची घातल्या. म्हणजे एक चित्र ठेवावें, तेव्हां सुमारें एकोणीस टाकावीं, असें प्रमाण पडलें. ज्यांवर डागाळलेलीं चित्रें दाखविण्याचा आरोप होता, त्याच बाई किती निष्ठुरपणें निवड करीत, हें यावरून दिसतें. त्यांचा नियम सैल नव्हता. तो इतरांच्या नियमाहून निराळा होता, इतकेंच.

१८७५ सालीं कॅमेरॉन दंपती सिलोनास कायमचें राहावयास गेलें. तेथेंही मळ्यांवरील मजूर व आसपासचे लोक यांचीं चित्रें त्यांनीं घेतलीं, परंतु तीं सुमारें तीसच आज उपलब्ध आहेत. २६ जानेवारी १८७९ रोजीं त्यांचें तेथेंच देहावसान झालें. पुढच्या वर्षीं त्यांचे पतिही निवर्तले.

बाईंच्या मागें त्यांच्या निवडीचें काय झालें, हेंही पाहण्यासारखें आहे. त्यांस स्वतःस काव्यांतील प्रसंगांचीं व पवित्र मातेचीं चित्रें फार प्रिय होतीं. १९२६ सालीं त्यांच्या बहिणीची नात, प्रसिद्ध लेखिका व्हर्जिनिया वुल्फ, व कलासमीक्षक रॉजर फ्राय यांनीं त्यांच्या चित्रांचें एक पुस्तक काढलें. १९४८ सालीं हेल्मुट गर्न्सहाइम यांनीं त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांत व्यक्तिचित्रांचा मोठा गौरव आहे, पण काव्यप्रसंगांच्या चित्रांस त्यांनीं नाकें मुरडलीं. अलीकडे पुन्हां तींही चित्रें आदरानें पाहिलीं जाऊं लागलीं आहेत. २००३ सालीं त्यांच्या उपलब्ध चित्रांची संपूर्ण सूचि प्रसिद्ध झाली, ती बाराशेंहून अधिक चित्रांची आहे. तात्पर्य, आपण निवडतों, आपल्यानंतर जग निवडतें, आणि जगाची निवडही पिढीपिढीला पालटते. म्हणून जगाला काय आवडेल याचा अंदाज बांधीत बसणें व्यर्थ आहे. प्रामाणिकपणें पाहिलेलें तेवढें आपल्या हातचें असतें.

आमच्या विद्यार्थ्यांस या चरित्रावरून निष्काळजीपणाचें समर्थन मिळालें, असें मात्र कोणीं समजूं नये. शाईचा डाग पाडल्यानें कोणी कॅमेरॉन होत नाहीं ! ज्यांत जीव आहे असें चित्र डागासाठीं टाकूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे ; आणि ज्यांत जीव नाहीं तें कितीही स्वच्छ असलें तरी पुढें करूं नये. आईबापांसही आमची एक नम्र विनंति आहे. घरीं पाहुणे आले म्हणजे मुलाच्या वह्यांतून सर्वांत नीटनेटकी वही काढून दाखविण्याचा मोह आपणां सर्वांसच होतो. त्याआधीं एकदां मुलासच विचारावें कीं, यांतलें तुझ्या मनाजोगें कोणतें. कदाचित् तो जें पान उघडील, त्यावर बटणें पुसट असतील. पण त्या पानावर तुमचें मूल तुम्हांस प्रथमच नीट दिसेल.